एक ते दहा

राहाटे कॉलनीच्या सिग्नलवर, हिरव्या जाळीच्या सावलीत,
मे महिन्यात, दुपारी सव्वादोनला
माझ्या अल्टोला मागून एक गाडी टेकली.
‘टेकली’ हा माझा शब्द.
ॲडव्होकेट ढोबळेंनी तो खोडून वर लिहिलं :
भरधाव वेगाने येऊन जोरदार धडक दिली.

मान पुढे गेली, मागे आली.
डब्यातली दोडक्याची भाजी सीटखाली सांडली.
मुलगा उतरला, चोविशीतला, घामानं निथळत :
काकू, लागलं का? सांगा ना काकू, लागलं का?
गाडी त्याची नव्हती, भाटव्याची होती.
त्याच्या बाटलीतलं पाणी त्यानं मला दिलं,
चहाइतकं गरम.
नाही लागलं, मी म्हणाले.
हे कुठल्याच कागदावर नाही.

मान तीन दिवस दुखली. खरंच दुखली.
चौथ्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरताना
कुणीतरी हाक मारली आणि मी वळले.
वळून झाल्यावर लक्षात आलं, की वळले.

तोवर धंतोलीतून पट्टा आणला होता,
चारशे ऐंशी रुपये, रंग त्वचेचा,
कुणाच्या त्वचेचा ते दुकानदारालाही सांगता आलं नाही.
पट्टा घालून बुधवार बाजारात गेले
तर वांगीवालीनं पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.
मला ते आवडलं. हेही लिहून ठेवते.
पट्ट्यात एक सोय असते :
मान हो म्हणून हलत नाही, नाही म्हणूनही हलत नाही.

फॉर्मवर विचारलं होतं, वेदना किती, एक ते दहा?
मी पेन्सिलीनं तीन लिहिलं.
ढोबळे हसले. मॅडम, तिनात काय येते?
सात करा. दीड लाख कुठं नाही गेले.
पैसा कंपनीचा आहे, त्या पोराच्या खिशातून थोडीच जाऊन रायला?
अन् तुम्ही नाही भरले का हप्ते, अठरा वर्षं?
भरले.
त्यांच्या बोलण्यात बरंच खरं होतं,
अडचण तीच होती.
दीड लाखात दोन एसी येतात. मी हिशोब केला होता.

एक्स-रेत झीज दिसली. पाचवा मणका, सहावा मणका.
डॉक्टर म्हणाले, ही जुनी आहे.
ढोबळे म्हणाले, जुनी असं कुठं लिहिलंय?

सव्वीस वर्षं मेडिकलच्या प्रयोगशाळेत
सूक्ष्मदर्शकावर वाकून मी मलेरियाचे जंतू मोजले.
आठ दिसले तर आठ. नवव्याची शंका आली
तर काच पुन्हा धुऊन, पुन्हा रंगवून, पुन्हा आठ.
त्या वाकण्याचा दावा कुणावर लावायचा असतो,
ते न्यायाधिकरण कुठल्या मजल्यावर बसतं, मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे, की नयन टेंभुर्णेनं
त्या सव्वीस वर्षांना मागून धडक दिलेली नाही.

त्याचा फोन आला. ठाण्यात तीनदा बोलावलं म्हणे.
तीन खाडे. बेकरीवाला चौथा खाडा ऐकत नाही.
भाटवा बोलत नाही. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं.
आधी विचारलं, काकू, मान कशी आहे?

मी काही फार मोठी नाही झाले.
पट्टा चारशे ऐंशी, एक्स-रे सहाशे,
बंपर बत्तीसशे, तीन दिवसांची रजा.
मागायचं ते मागितलंच, मोजून.
ढोबळे कागद लांब धरून म्हणाले,
काहून बाप्पा, एवढ्यासाठी कोणी वकील करते का?

पेन्सिलीचा तीन मी शाईनं गिरवला.
हात थोडा थरथरला, त्यामुळे
शेपूट लांबून तो
लांबून पाहिलं तर जरा सातासारखाच दिसतो.